जित्या माणसाचो हप्तो

हा लेख आधी माझ्या बायकोकडे मागितला होता. संपादक महाशय घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "सुलभाताई, विम्याच्या दाव्यांवर आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहाच. या विषयातल्या तज्ज्ञ तुम्ही." मी शेजारीच बसलो होतो. त्याच ऑफिसात, त्याच कामात केस पांढरे केलेला माणूस शेजारी बसलाय हे त्यांना दिसत होतं, पण बघत होते ते तिच्याकडे. सुलभा म्हणाली, "माका लिवक जमणा नाय. ह्यांका सांगा, ह्यांका गोष्टी सांगूची सवय आसा." तर असा हा लेख माझ्या वाट्याला आला. उरलासुरला. तक्रार नाही, पण नोंद असलेली बरी.

विमा म्हटला की लोकांना एजंट आठवतो. तो लग्नात गाठतो, बारशात गाठतो, दाढी करताना गाठतो. आमचं काम एजंट विसरून गेल्यावर सुरू व्हायचं. मालवणच्या आमच्या शाखेत मी दाव्यांच्या टेबलावर होतो. विमा उतरवलेला माणूस वारला की त्याच्या घरचं कोणीतरी माझ्यासमोर येऊन बसे. मग मृत्यूचा दाखला बघायचा, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय ते बघायचं, पॉलिसी चालू होती की बंद पडली होती ते बघायचं. विमा उतरवून थोडेच दिवस झाले असतील तर गावात जाऊन चौकशी करायची, की आजार लपवून तर विमा घेतला नव्हता? सांगायला एवढंच. पण नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईला "मयताचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि ती सांगेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

एक गंमत सांगतो. वेंगुर्ल्याचे एक निवृत्त गुरुजी दर मे महिन्यात सपत्नीक आमच्याकडे यायचे. "समजा, मी वारलोय," असं म्हणून ते समोरच्या बाकावर जाऊन हाताची घडी घालून बसत आणि बाईंना माझ्यापुढे बसवून रंगीत तालीम घेत. बाईंनी पिशवीतून भलता कागद काढला की बाकावरून मयत ओरडे, "अगं तो नव्हे, खालचा!" मी म्हणायचो, "गुरुजी, तुम्ही वारला आहात. बोलू नका." सगळं ऑफिस हसायचं. मग एका वर्षी बाई एकट्याच आल्या. कागद सगळे बरोबर लावलेले होते. मी शिक्का मारत होतो, तर बाकाकडे बघून म्हणाल्या, "आता चुकलं तर ओरडणार कोण?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

सांगायचा मुद्दा, त्या टेबलाचा मला गर्व होता. मासळी बाजारात गेलो तर म्हातारी मासेवाली वरची मासळी बाजूला सारून मला टोपलीच्या तळातले ताजे बांगडे देई आणि शेजारणीला सांगे, "ह्येंनी आमचां काम केल्यानी." माझं नाव गावात कोणाला माहीत नव्हतं. मी 'विम्याचे भाऊ'.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. सगळीकडे नवीन पाट्या, नवीन साहेब. आमच्याकडेही एक नवीन साहेब आले आणि त्यांनी परीक्षांचं खूळ आणलं. विमा शिकवणारी एक संस्था या परीक्षा घ्यायची. खालची, मधली, वरची अशा तीन पायऱ्या. पास झालं की पगारात थोडी वाढ आणि नावापुढे दोनचार इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं नसली तरी मला चाललं असतं. पण साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दाव्यांचं काम जबाबदारीचं आहे. यापुढे त्या टेबलावर ही परीक्षा पास झालेलाच माणूस बसेल." म्हणजे टेबल राखायचं तर पास व्हायला हवं. गोष्ट सरळ होती.

सुलभा तेव्हा आमच्याच शाखेत हप्ते घ्यायच्या खिडकीवर होती. ती कुडाळच्या आतल्या अंगाची, भातशेतीवाल्यांची मुलगी. मी बंदरावरचा. आमच्या लग्नानंतर तिने नोकरी धरली, तीही माझ्याच ओळखीने, हेही एकदा लिहून टाकतो. परीक्षेची पुस्तकं टपालाने आली. संध्याकाळी ती नारळ खवत बसे, पुस्तक मांडीशी उघडं, आणि मला प्रश्न विचारी. मी पडवीत फेऱ्या मारत उत्तर देई. मी चुकलो की ती बरोबर उत्तर मोठ्याने वाचून दाखवी. मी चुकायचो बराच, त्यामुळे तिचं वाचन बरंच झालं.

आता पुढचं ऐका. परीक्षेचं केंद्र कोल्हापूर. एवढ्या लांब एकट्याने कुठे जा, दोघं गेलो तर अंबाबाईचं दर्शनही होईल, म्हणून मी म्हटलं, "तूय बस. सोबत जायत." तिचा फॉर्म मी भरला. मी! फी मी भरली, फोटो मी डकवला, पाठवला मी. माणूस आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा मारून घेतो, ते बघायचं असेल तर तो फॉर्म बघावा.

दाव्यांचा पेपर हातात आला तेव्हा मला हसू आलं. हा तर माझा घरचा विषय! प्रश्न होता, दावेदाराशी अधिकाऱ्याचं वर्तन कसं असावं. मी वेंगुर्ल्याच्या गुरुजींची अख्खी गोष्ट लिहिली. पुरवणी लावून लिहिली. आणि एक प्रश्न होता बेपत्ता झालेल्या विमेदाराबद्दल. तो मी वाचला आणि सोडून दिला. उत्तर अर्धंमुर्धं येत होतं. पण आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांची एक रीत आहे. समुद्रात गेलेला माणूस परत आला नाही, तर देवाचा कौल घेतात. देवळात गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची कळी पडली तर माणूस जिवंत आहे असं धरतात. मग तो कधीही, कुठूनही येऊ शकतो. त्या घरात त्याच्या मरणाचं नाव काढायचं नाही, त्याच्याबद्दल मेलेला धरून बोलायचं नाही, लिहायचं तर नाहीच. लहानपणापासून हे अंगात मुरलेलं. परीक्षेच्या हॉलमध्ये बसून 'सदर इसम मृत गृहीत धरून' असं माझ्या हातून उतरेना. शेजारच्या रांगेत सुलभा मान खाली घालून लिहीत सुटली होती. आतल्या गावची ना ती. तिला काय त्याचं!

निकाल लागला. सुलभा सगळ्या विषयांत पास. मीही बाकी सगळ्यांत पास, फक्त एकात नापास. दाव्यांत. ज्या कामावर मी पोट भरत होतो, नेमका त्यात!

ऑफिसात पेढे वाटले गेले. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाऊ, टेबल घरातच राहिलं की!" सगळे हसले, मीही हसलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. घरातच राहिलं म्हणे! घरातच राहिलं म्हणूनच तर जळत होतो. दुसऱ्या कोणाला मिळालं असतं, तर संध्याकाळी घरी येऊन बायकोजवळ त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बरं, तिने मिरवावं तर तेही नाही. प्रमाणपत्र आलं ते तिने चौकट करून लावलं नाही, कोणाला दाखवलं नाही, कपाटात साड्यांखाली घालून ठेवलं. दाखवलं असतं तर मला भांडता आलं असतं. उलट ती म्हणाली, "फुडच्या येळाक तुमी सुटतल्यात. मी परत विचारतंय प्रश्न." मी म्हटलं, "काय गरज नाय." त्यानंतर मी पुस्तक घेऊन एकटाच परसात जाऊन बसू लागलो. तरी दाव्यांचा तो पेपर काही सुटला नाही. पुढेही सुटला नाही.

मग तिला दावे हाताळणाऱ्यांच्या खास वर्गासाठी पुण्याला पाठवलं. पंधरवडाभर मी घरी भात शिजवत होतो. शेजारच्या काकी कुंपणावरून विचारत, "सुलभा खंय गेली रे?" "शिकूक," मी सांगे. "आणि तू?" परत आली ती नवीन वह्या आणि नवीन शब्द घेऊन. ऑफिसात आमच्या जागांची अदलाबदल झाली. ती दाव्यांच्या टेबलावर गेली आणि मी हप्त्यांच्या खिडकीत, जाळीच्या आत. माझा चष्मा पुसायचा कपडासुद्धा त्या टेबलाच्या खणात राहिला. मागायला मी गेलो नाही.

त्याच सुमारास तारकर्लीचा बाबल समुद्रात गेला तो आला नाही.

बाबल तरुण गाबीत, पिढीजात मासेमार, स्वतःची लहान होडी असलेला. गणपतीनंतरच्या एका पहाटे एकटाच जाळी ओढायला गेला, आणि वारा फिरला. होडी दोन दिवसांनी निवतीच्या बाजूला उलटी सापडली, बाबल सापडला नाही. घरात बायको पार्वती, म्हातारी आई, एक लहान मुलगी. बाबलने आमच्याकडे विमा उतरवला होता आणि दर तिमाहीला स्वतः येऊन हप्ता भरायचा. वेळेच्या आधी यायचा, असा माणूस. त्या तिमाहीचा हप्ता आला नाही.

सुलभेच्या ते लक्षात आलं. घरी मला म्हणाली, "तारकर्लेक जावक व्हया. पार्वतीक भेटूक."

मी तिला समजावलं. त्यांनी कौल घेतलाय, उजवा लागलाय. त्या घरात आता विम्याचं नाव काढायचं नाही. विमा म्हणजे मरण, असं आमच्याकडे धरतात. इतकी वर्षं मी ते टेबल सांभाळलं, अशा घरी कधी पाऊल ठेवलं नाही. रीत म्हणजे रीत.

"रीत ऱ्हवांदे," ती म्हणाली. "पॉलिसी बंद पडतली तेचा काय?"

मग तिने मला समजावलं. हो, मला! कायद्याचं म्हणणं असं, की बेपत्ता माणूस मेला असं कोणी आपण होऊन धरायचं नाही. सात वर्षं त्याची कसलीच खबर लागली नाही, तर मग कोर्ट त्याला मृत मानतं. तोपर्यंत तो विमा कंपनीच्या लेखी जिवंत. आणि जिवंत माणसाचा हप्ता आला पाहिजे. तो थांबला की पॉलिसी बंद पडते, आणि सात वर्षांनी कोर्टाचा निकाल घेऊन बाई आली तर तिच्या हातावर ठेवायला काही राहत नाही. मी सोडून दिलेला प्रश्न तो हाच. ती सांगत होती आणि मला तिचा असा राग येत होता, की बोलता सोय नाही.

मी तिच्याबरोबर तारकर्लीला गेलो. बायको एकटी कशी जाईल वगैरे मी साहेबांना सांगितलं. खरं सांगतो, मी गेलो तो तिची फजिती बघायला. त्या घराचा उंबरठा ओलांडला की काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मला बघायचं होतं.

झालंही तसंच. माडाच्या बनातून आम्ही घरापुढच्या खळ्यात पोचलो. बाबलची आई सुकटं निवडत होती. आम्हाला बघताच उभी राहिली. "विमेवाली इली!" ती ओरडली. "माझ्या झिलाक मारूक इली! भायर व्हा!" शेजारची चार माणसं जमली. पार्वती दारात आली, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि नुसती बघत राहिली. मी मनात म्हटलं, घ्या आता, पुण्याला हे शिकवलं होतं का?

सुलभा मागे सरली नाही. वह्यांमधलं काहीसुद्धा बोलली नाही. सरळ पार्वतीकडे बघून म्हणाली, "पार्वती, देवीन कौल दिल्यान मां, बाबल जितो आसा म्हणान?"

"दिल्यान," पार्वती म्हणाली.

"मगे जित्या माणसाचो हप्तो कित्या थकलो? उद्या तो इलो आणि पॉलिसी बंद पडलेली दिसली, तर तुका काय म्हणतलो?"

म्हातारी तशीच उभी होती. मग तिच्या तोंडावरचा राग उतरताना मी बघितला. ती पार्वतीकडे वळली आणि तिच्यावरच ओरडली, "गो, भर मगे! बघतंस काय? माझ्या झिलान कोणाचां कधी ठेवल्यान नाय!" आणि आम्हाला म्हणाली, "बसा. च्या घेवा."

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून बसलो. सुलभेला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय, तिने मला खिडकीची जागा दिली. मला काय होत होतं ते तिला कसं सांगणार? नियम तिचा होता, मान्य. पण कौल माझा होता! ती भाषा, तो समुद्र, त्या म्हातारीचा राग, सगळं माझ्या ओळखीचं. जे वाक्य ती बोलली ते मला सुचायला हवं होतं. आतल्या गावच्या बाईला ते सुचलं, आणि मी माडाला टेकून तिची फजिती बघायला उभा! इतका हेवा मला आयुष्यात कधी कोणाचा वाटला नव्हता. पगारवाढीचा नाही, अक्षरांचा नाही. त्या एका वाक्याचा.

त्यानंतर दर तिमाहीला पार्वती येऊ लागली. यायची माझ्या खिडकीत, कारण हप्ता मी घेत होतो. मासळीची टोपली बाहेर पायरीवर ठेवायची, पदराच्या टोकाची गाठ सोडायची. नोटांना खारा वास. मी पावतीवर 'श्री.' घालून बाबलचं नाव लिहायचो. गेलेल्या माणसाच्या नावामागे आम्ही 'कै.' लिहितो, तशी सवयच झालेली असते. बाबलच्या बाबतीत हात कधी चुकला नाही. पावती देताना ती काहीतरी सांगायची. "भाऊनू, रत्नांग्रीक ट्रॉलरवर कोणतरी तेच्यासारखोच दिसलो म्हणतत." किंवा, "कारवारात मराठी माणसां बरीच आसत म्हणे. थंय आसतलो." मी म्हणायचो, "आसात, आसात." पण पावती हातात पडली की ती जाळीपाशी थांबायची नाही. आत जाऊन सुलभेच्या टेबलासमोर बसायची. दोघी बोलत बसायच्या. काय बोलायच्या, मला ऐकू यायचं नाही. पैसे मी घेतले, पावती मी फाडली, आणि पार्वती मात्र तिची!

सुलभा मधली परीक्षा पास झाली, मग वरचीही झाली. कणकवलीची, सावंतवाडीची नवीन पोरं दाव्यांचं काम शिकायला तिच्याकडे येऊ लागली. ती त्यांना कायदा शिकवी, आणि पहिल्या दिवशी हे सांगे, की दावा नाकारायचा असेल तर आधी त्या घरी एकदा जाऊन या. हे माझंच! मी वर्षानुवर्षं हेच करत होतो. पण माझ्या तोंडून ती सवय होती, तिच्या तोंडून ते शिक्षण झालं. पोरं जेवायला घरी येत, मला नमस्कार करत आणि विचारत, "काका, तुम्ही कोणत्या खात्यात?"

दिवस गेले. म्हातारी वारली. पार्वतीची मुलगी शाळेत वरच्या वर्गात गेली. हप्ता एकदाही थकला नाही. आणि सात वर्षं भरली.

कोर्टाचं सगळं पार्वतीच्या भावाने बघितलं. पोलिसांचे जबाब, गावातल्या चार माणसांच्या साक्षी, सुलभेने त्याला एकेक गोष्ट समजावून दिली होती. पार्वतीने जिथे सांगितलं तिथे अंगठा दिला. कशासाठी ते तिने विचारलं नाही, आणि भावाने सांगितलं नाही. निकाल लागला तेव्हा भाऊ ऑफिसात आला आणि सुलभेला म्हणाला, "बाई, तुमीच काय तां सांगा तिका. माझ्यान होवचा नाय."

त्या संध्याकाळी सुलभा जेवली नाही. म्हणाली, "सात वर्सां मीच तिका सांगलंय तो जितो आसा म्हणान. आता मीच कसां सांगू?" दावा तयार होता. तिच्या टेबलावरचा इतका चोख दावा मी बघितला नव्हता, पण तो पुढे सरकेना. आज सांगते, उद्या सांगते, असं चाललं. ती अडली आहे हे बघून मला बरं वाटलं का? वाटलं. थोडंसं वाटलं.

आणि तिमाही आली. पार्वती आपली नेहमीसारखी माझ्या खिडकीत. टोपली पायरीवर, पदराची गाठ सोडलेली, नोटा जाळीखालून आत सरकवलेल्या.

मी मान वळवून सुलभेकडे बघितलं. ती उभी राहिली होती. तिने तोंडावर पदर धरला होता आणि माझ्याकडे बघून मान हलवत होती, माझ्याने होणार नाही म्हणून. कोर्टाचा निकाल लागल्यावर हप्ता घ्यायचा नसतो. हा नियम मलाही पाठ होता.

"पार्वती," मी म्हटलं, "आता हप्तो घेवक येवचो नाय."

"कित्या? उशीर झालो?"

"नाय. उशीर नाय झालो."

"मगे? कमी आसत? कमी आसत तर..." ती गाठ आणखी सोडू लागली.

"कमी नाय गो." मी पावतीपुस्तक मिटलं. "कोर्टान सांगल्यान. आता तेचो हप्तो भरूचो नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हळूच बोटांनी त्या नोटा परत आत ढकलल्या. "घेवा भाऊनू," ती म्हणाली. "ह्या येळाचो तरी घेवा. फुडचो बघूया."

मागे रांगेत माणसं होती. मी नोटा उचलल्या. क्षणभर वाटलं, घ्यावा हा एक हप्ता, फाडावी पावती, होऊ दे काय व्हायचं ते. मग मी त्या तिच्याकडे सरकवल्या आणि वर हात ठेवला, ती परत ढकलू नये म्हणून. जाळीखाली आमचे हात तसेच राहिले. मग तिने आपला हात काढून घेतला.

"तो गेलो तर मगे," ती म्हणाली. एवढंच.

ती आत गेली. खुर्चीवर बसली नाही, सुलभेच्या टेबलाजवळ खाली जमिनीवर बसली. सुलभाही खाली बसली, तिच्या बाजूला, भिंतीला टेकून. साहेब केबिनमधून बाहेर आले, बघितलं आणि परत आत गेले. मी खिडकी बंद केली नाही. रांगेतल्या पुढच्या माणसाचा हप्ता घेतला, पावती फाडली, दुसऱ्याचा घेतला. आणि तेव्हा मला हेवा वाटला. सांगायला लाज वाटत नाही, सबंध लेखभर तेच तर सांगतोय. पण या वेळी सुलभेचा नाही. बाबलचा वाटला. कोणीतरी आपल्याला सात वर्षं जिवंत ठेवावं, टोपल्या वाहून, दर तिमाहीला, वेळेच्या आत. आणि शेवटी कोर्टाने नाही म्हटल्यावरही आणखी एक हप्ता पुढे करावा! मी रोज संध्याकाळी धडधाकट घरी जाणारा माणूस. मला त्या बुडालेल्या माणसाचा हेवा वाटला.

दावा त्या आठवड्यात निकाली निघाला. कागदांवर सही सुलभेची, ती रीतसर.

घरी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. तिन्हीसांजा झाल्या होत्या, तिने अजून दिवा लावला नव्हता. मी न राहवून विचारलं, "मी असो गेलंय आसतंय, तर तू भरलं असतंस हप्तो? सात वर्सां?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी भयंकर बोललो होतो.

"हप्तो कसलो भरतलंय!" ती म्हणाली. "मीच येतलंय होडी काढून शोधूक."

आणि ती दिवा लावायला आत गेली. मालवणात इतकी वर्षं संसार करूनही सुलभा समुद्रात कधी घोट्याच्या वर उतरलेली नाही.